कोरं लायसन्स

सोमवार उजाडला की त्या घरात चहाच्या आधी चलान बघायची पद्धत होती.

सासरे पुढच्या खोलीत खिडकीशी बसत, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत आणि मोबाइलवर वाहतूक खात्याचं पान उघडत. गाडीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, तरी ते तो मोठ्यानं म्हणत एकेक अक्षर दाबत. मग पडद्यावर एक छोटं चक्र फिरायला लागे. ते फिरत असेपर्यंत घरात कुणी जागचं हलत नसे. सासूबाई आत गॅस बारीक करत. नवरा दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून दारात येई. सूनबाई ओले हात तसेच धरून त्याच्या मागे उभी राही. सहा वर्षांच्या छकुलीला एवढंच कळत होतं की आजोबांचं चक्र फिरतंय तोवर बोलायचं नाही.

त्या सोमवारी चक्र थांबलं आणि सासऱ्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं.

“पुलावर काय विमान उडवत होतास?”

“माल वेळेवर पोचवायचा होता, बाबा. उशीर झाला की शेठ दुसरी व्हॅन बघतो.”

“बरं बरं. सूनबाई, पेन आणा.”

सूनबाईनं पेन आणलं. चलान कायद्यानं गाडीच्या मालकाला येतं, म्हणजे नवऱ्याला. पण त्याच्या खाली एक प्रश्न असतो: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? रस्त्यावरचा कॅमेरा मागून फोटो काढतो. त्यात पाटी दिसते, चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. जो चालवत होता त्याच्या लायसन्सवर शेरा पडतो, आणि शेरे फार झाले की लायसन्स जातं. ड्रायव्हरचं लायसन्स गेलं की त्याची चूल विझली. म्हणून सासरे उत्तराच्या छापील कागदावर त्या प्रश्नापुढे सुनेचं नाव घालत आणि सून खाली सही करी. ‘गाडी मी चालवत होते.’ ही सही ती आता न वाचता करायला शिकली होती.

एकट्या याच घरात हे चाले असं समजू नका. ती अख्खी गल्लीच ड्रायव्हरांची. कुणी ट्रकवर, कुणी टॅक्सीवर, कुणी शाळेच्या बसवर. तिथल्या मुलींना अठरा पूर्ण झाली की बाप हौसेनं लायसन्स काढून देई, आणि ते लगेच कपाटात ठेवून देई. लग्नाच्या बोलण्यात ते बाहेर निघे. मुलगी शांत आहे, शिवण येतं, आणि लायसन्स कोरं आहे! मुलाकडचे ते उलटसुलट करून बघत. कुणी उजेडात धरून बघे. “आम्हाला हुंडा नको, मानपान नको,” असं सासऱ्यांनी सूनबाईच्या वडिलांना छाती फुगवून सांगितलं होतं, “मुलगी द्या आणि तिचं लायसन्स द्या, बस.” वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी सुधारलेली माणसं मिळाली म्हणून त्यांनी गावभर सांगितलं.

गंमत अशी की सूनबाईला खरंच गाडी आवडायची. गिरणीमागच्या मैदानात ती शिकली, तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, हात हलका आहे हो तुझा. लग्नानंतर एकदाच तिनं नवऱ्याला विचारलं, “अहो, मी व्हॅन एक चक्कर मारून आणू?” सगळं घर हसलं होतं. सासरे म्हणाले, “कोरं लायसन्स आहे ते, मळवायचं नाही.” तीही हसली. पुढे लायसन्स मळत गेलं, पण तिच्या हातून नाही.

आणि सही करायला कुरकुर करावी असं तिला वाटत नव्हतं का? वाटायचं. पण सही केली म्हणून काही अंगाला भोकं पडत नाहीत, असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. शिवाय समोर सासूबाई होत्या.

सासूबाईंना गल्लीत ठोकरबाई म्हणत. तोंडावर नाही, मागे. तरुणपणी त्यांनी मिनीबसखाली एका सायकलवाल्याला चिरडलं होतं, तो माणूस जागीच गेला, आणि त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या. इतकी वर्षं लोटली तरी कुठलीही आई त्यांच्या हातात मूल देऊन ‘जरा पलीकडे सोडा’ म्हणत नसे. त्याही कुणाच्या मुलाला हात लावत नसत. छकुलीलासुद्धा घराच्या फाटकापर्यंतच सोडत. एवढी मोठी चूक केलेली बाई घरात गप्प राहून राबते, मग आपण दोन सह्या केल्या तर काय मोठंसं, असं सूनबाईला वाटे.

बुधवारी दुपारी छकुली शाळेतून आली ती रडतच. शेजारणीनं तिला दारात सोडलं आणि ती घाईनं निघून गेली.

“झेंडेवाली मावशी पडली! तिला गाडीनं उडवलं! आई, तिचा झेंडा गाडीखाली गेला!”

शाळेसमोर पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई लाल झेंडा घेऊन उभी राहत असे. मुलांना पलीकडे पोचवणं हेच तिचं काम. गाड्यांना दरडावायची, मुलांना चिडवायची, शेंबूड आलेल्यांना रुमाल द्यायची. पोरांच्या लेखी ती मुख्याध्यापिकेहून मोठी.

“आणि गाडी?” सूनबाईनं विचारलं.

“पळून गेली. आई, मावशी मरेल?”

सूनबाई उत्तर देणार तेवढ्यात मागच्या अंगणात व्हॅनचा आवाज आला. या वेळी ती कधीच येत नसे. सूनबाई मागच्या दारात गेली. नवरा खाली उतरला होता आणि व्हॅनवर ताडपत्री ओढत होता. पावसापाण्याचे दिवस नव्हते. ताडपत्रीची दोरी त्याला बांधता येईना.

“अहो,” ती म्हणाली.

“पाणी दे,” तो म्हणाला. तिनं पाणी दिलं तर ते त्यानं प्यायलं नाही, पुढच्या बंपरवर ओतलं.

तिला सगळं कळलं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. सोमवारची वाट बघायची सोय उरली नाही. सासरे उठल्याबरोबर नंबर टाकत, जेवता जेवता टाकत, न्हाणीघरातून बाहेर आले की ओल्या बोटांनी टाकत. चक्र फिरे. सगळे श्वास रोखून उभे राहत. ‘नवीन चलान नाही.’ नवरा भिंतीला टेकून खाली बसे. गल्लीत मोटरसायकल थांबली की सूनबाईच्या हातातलं भांडं खाली पडे. फोन वाजला की छकुली कानावर हात ठेवी, कारण मोठी माणसं दचकतात हे तिनं पाहिलं होतं.

रस्त्यावर कॅमेरा बंद असेल, असं नवरा म्हणाला. झाडाच्या फांदीआड असेल, असं सासरे म्हणाले. सूनबाईनंही मनातल्या मनात त्या कॅमेऱ्यासमोर फांदी यावी असं म्हटलं. मग तिला मावशीच्या लाल झेंड्याची आठवण झाली आणि स्वतःचीच शिसारी आली.

भीतीला भीती म्हणण्याची त्या घरात सोय नव्हती. सासूबाई मात्र सगळ्यांत जास्त घाबरलेल्या दिसत. भात करपला, दूध उतू गेलं. एकदा त्या नुसत्याच मागच्या दारात उभ्या राहून ताडपत्रीकडे बघत होत्या. सूनबाई शेजारी गेली तर त्या अंग चोरून आत निघून गेल्या.

एका सकाळी चक्र थांबलं. सासऱ्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

फांदी आली नव्हती. फोटोत मागची पाटी स्वच्छ होती, पांढरे पट्टे होते, आणि पट्ट्यांवर आडवं पडलेलं कुणीतरी होतं. खाली लिहिलं होतं, पादचाऱ्यास गंभीर दुखापत, वाहन न थांबवता पलायन, चालकानं सुनावणीस समक्ष हजर राहावं. आणि त्याखाली तोच प्रश्न. गाडी कोण चालवत होतं?

“सूनबाई,” सासरे म्हणाले. पेनाचं नाव त्यांनी काढलं नाही. ते तिला बसा म्हणाले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, सासऱ्यांनी तिला बसा म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

“हे बघा, बाई माणूस म्हटलं की साहेब जरा नरमतात. लहान मूल आहे, गोंधळली, घाबरून निघून आली. याच्यावर गेलं तर याचं लायसन्स कायमचं गेलं. मग खायचं काय? दगड?”

“पण बाबा, हे सिग्नल तोडल्याचं चलान नाही. माणूस पडलंय.”

“म्हणूनच सांगतोय. याला ते लोक सोडणार नाहीत.”

“मला तुरुंगात घातलं तर?”

“नाही हो घालत. आणि घातलंच तर काय, चार दिवसांचा प्रश्न. तुमच्या सासूला विचारा. आली की नाही परत? मेली का?”

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. ते उचलल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. छकुलीच्या तापात रात्र रात्र बसणारा, बायको रुसली तर तिच्यासमोर नक्कल करून तिला हसवणारा. पण भीती चांगल्या माणसालाही कुठे नेऊन ठेवते बघा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “अगं, मी थांबणार होतो. खरंच थांबणार होतो. मग मला वाटलं...” पुढे त्याला सांगता येईना. त्याला काय वाटलं होतं ते तिला कळलं. त्याला वाटलं होतं, घरी सही करणारी आहे.

सासऱ्यांनी छकुलीला जवळ ओढून मांडीवर घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. ते मायेनंच बोलले, हे इथे नमूद केलं पाहिजे. “तुमचं लायसन्स गेलं तर गेलं, सूनबाई. थोडी वर्षं कसंबसं भागवू. आमची छकुली काय, बघता बघता अठराची होईल. मग आहेच तिचं कोरं.”

छकुली आजोबांच्या सदऱ्याचं बटण फिरवत होती.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. सासरे पूर्वी मिनीबसवर होते, गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच ड्रायव्हर केलं होतं, म्हणून त्यांना सगळे उस्ताद म्हणत. तर उस्तादांनी सुनेला धडा दिला. “मुलं एकदम पुढे आली, साहेब. मी ब्रेक लावला, पण गाडी घसरली. मी घाबरले. म्हणा.”

“मुलं एकदम पुढे आली, साहेब. मी ब्रेक लावला...”

“पोपटासारखं नको. मधेच अडखळा. रडू आलं तर येऊ द्या.”

मग ते म्हणाले, साहेब गाडीतलंही विचारतील, एकदा बसून बघा. ताडपत्री निघाली. आठ वर्षांत पहिल्यांदा सूनबाई त्या व्हॅनमध्ये स्टेअरिंगमागे बसली. तिनं हात पुढे केले, पाय पुढे केले आणि तशीच राहिली.

“काय झालं?”

“पाय पोचत नाहीत.”

नवरा उंच, ती ठेंगणी. सीट त्याच्या मापानं मागे सरकवलेली होती, आणि सरकवायचा दांडा केव्हाच गंजून बसला होता. ती पुढे सरकली, अगदी काठावर आली, तरी पायाचं टोक ब्रेकला नुसतं चाटून जात होतं. तिच्या मनात एकदम काहीतरी मोकळं झालं. आता कसली सही? हिला ही गाडी चालवताच आली नसती, हे आंधळ्यालाही दिसेल. ती जवळजवळ हसत म्हणाली, “बाबा, पोचतच नाहीत!”

सासऱ्यांना हसू आलं नाही. ते आत गेले आणि तेलाची बुधली आणि हातोडा घेऊन आले. नवऱ्यानं सीट धरली, त्यांनी दांड्यावर घाव घातले. प्रत्येक घावाला सूनबाई गाडीत बसल्याजागी हादरत होती. शेवटी करकरत सीट पुढे सरकली. तिचा पाय ब्रेकवर टेकला. शिंपी जसा अंगावर कपडा बेततो, तशी ती गाडी तिच्यावर बेतली जात होती. आणि हे करणारे दोघे तिचेच होते. त्या क्षणी जेवढी भीती तिला वाटली तेवढी आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून वाटली नव्हती.

“बघा, पोचतो की नाही!” सासरे घाम पुसत म्हणाले.

ती घरात आली तेव्हा सासूबाई एक जुनी, चपटी झालेली उशी हातात घेऊन उभ्या होत्या. इकडेतिकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “पाठीमागं ही घे. म्हणजे क्लच दाबताना मागं घसरायला होत नाही.”

सूनबाईनं उशी घेतली नाही. “आई, तुम्हाला कसं ठाऊक?”

सासूबाईंचे ओठ हलले. त्यांनी उशी छातीशी धरली आणि त्या आत गेल्या. सूनबाई तिथेच उभी राहिली. सासूबाईंना गाडी चालवताना आपण कधी पाहिलेलं नाही, गाडीचं नावही त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही, हे तिच्या आता लक्षात आलं. सासूबाई तर तिच्याहूनही बोटभर बुटक्या होत्या.

शाळेच्या फाटकाशी आता कुणी झेंडा घेऊन उभं नव्हतं. आया आपापली मुलं घट्ट धरून रस्ता ओलांडत. सुनावणीच्या आदल्या दिवशी सूनबाई छकुलीला सोडायला गेली, तर बोलणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. सूनबाईनंच मावशीला उडवलं, अशी बातमी कुणीतरी पसरवली होती. कुणी, ते सांगायला नको. छकुलीची मैत्रीण धावत आली आणि सवयीनं सूनबाईचा दुसरा हात धरायला गेली, तेवढ्यात तिच्या आईनं तिला मागे ओढलं. “इकडे ये. त्यांच्याबरोबर नको.”

सूनबाईचा रिकामा हात तसाच पुढे राहिला. ठोकरबाई होणं म्हणजे काय, ते तिला त्या एका क्षणात समजलं. असं किती वर्षं? मरेपर्यंत. आणि मग छकुली.

वाहतूक कार्यालयात गर्दी होती. खिडकीपुढे माणसं चलानाच्या कागदांनी वारा घेत उभी होती, कुणी हुज्जत घालत होतं, कुणी नंबर चुकीचा म्हणत होतं. आतल्या खोलीबाहेर बाकं होती. सासरे, नवरा आणि सासूबाई एका बाकावर बसले. सूनबाईला जागा उरली ती समोरच्या बाकावर, एका कुबडी घेतलेल्या बाईशेजारी. मांडीपर्यंत प्लास्टर. चेहरा उतरलेला, पण डोळे तेच.

“छकुलीची आई ना तुम्ही?” झेंडेवाली मावशी म्हणाली. “अहो, कोण सोडतं आता तिला पलीकडे? भारी धांदरट आहे, खाली बघतच चालते. हात सोडू नका हं तिचा.”

सूनबाईनं मान हलवली.

“तुम्ही कशा इथे? चलान का?” मावशीनं विचारलं, आणि तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. मावशीचं नाव आणि सूनबाईचं नाव एका दमात. मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग कुबडी टेकत ती उठली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरचेही मागोमाग आत आले, सासू-सासरे बाकावर बसले, नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. टेबलामागे सुनावणीचे साहेब बसले होते. त्यांना सर्दी झाली होती, दर दोन वाक्यांनी ते नाक पुसत. त्यांनी फोटो पाहिला, कागद पाहिला.

“त्या वेळी गाडी तुम्ही चालवत होता?”

सूनबाईनं टेबलाची कड धरली.

“मुलं एकदम पुढे आली, साहेब,” ती म्हणाली. मागे सासऱ्यांनी सुस्कारा सोडला. “मी ब्रेक...”

ती थांबली. इथे अडखळायचंच होतं, तसं शिकवलेलंच होतं. पण ती फार वेळ थांबली.

“ब्रेक लावला?” साहेब म्हणाले.

“ब्रेकला माझा पाय पोचत नाही, साहेब. मी गाडी चालवत नव्हते. मी ती गाडी कधीच चालवलेली नाही.”

सासरे उठले. “साहेब, घाबरलीय ती, काहीही बोलतेय.”

“घाबरल्या आहेत ते दिसतंय. कुणाला, ते बघू. आधीच्या सगळ्या चलानांवरही तुमचीच सही आहे, बाई.”

“सह्या माझ्या आहेत. गाडी माझ्या हातात कधीच नव्हती.”

“खोटं!” सासऱ्यांचा आवाज चढला. “पाय पोचत नाही म्हणते! गाडी बाहेर फाटकाशी उभी आहे, साहेब, तुम्ही हजर करायला सांगितली होती. चला, हिला बसवून बघा. पोचला नाही पाय तर माझं नाव बदला!”

साहेब खुर्चीतून उठायला लागले. सूनबाईचा पाय पोचणार होता. हातोड्यानं त्यांनी तो पोचवलाच होता. आता ती खोटी ठरणार, साहेबांपुढे, मावशीपुढे, गल्लीपुढे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खालीच होती.

“हिनं गाडी चालवलेली घरच्यांनी पाहिलीय,” सासऱ्यांनी वर जोडलं. “हिच्या सासूला विचारा. तिला खोटं बोलता येत नाही.”

उभी हयात जिनं आपल्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही, तिला त्यांनी हातानं उठायची खूण केली. सासूबाई उठल्या. त्या एवढ्या बारीक आवाजात बोलल्या की साहेबांना नाक पुसणं थांबवावं लागलं.

“परवा सीट पुढं घेतली, साहेब. हातोड्यानं. त्याच्या आधी हिचे पाय पोचत नव्हते.”

“अगं ए!” सासरे म्हणाले.

“माझेही पोचत नव्हते.”

साहेबांना कळलं नाही. “तुमचे? कधी?”

“तेव्हा. तो सायकलवाला गेला तेव्हा. पाय पोचावेत म्हणून यांनी मला पाठीमागं उशी दिली होती.” त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा असं सरळ पाहिलं असेल. “मी मिनीबसला हातसुद्धा लावला नव्हता, साहेब. पण माझ्या हाती कुणी मूल देत नाही.”

त्या खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. वर्षानुवर्षं अडवून धरलेलं रडू होतं, ते लवकर थांबण्यातलं नव्हतं. सूनबाई जाऊन त्यांच्या पायाशी बसली. त्या दोघींकडे बघत नवरा भिंतीपासून सुटा झाला.

“आई, पुरे,” तो म्हणाला. “साहेब, मी होतो.”

मावशीनं कुबडी बाजूला ठेवली आणि त्याला एवढंच विचारलं, “थांबला का नाहीस रे?”

खरं सांगायचं तर याचं उत्तर त्या बापलेकांकडेच मागून चालणार नाही. ज्यांनी लायसन्स उजेडात धरून कोरं आहे का पाहिलं त्यांच्याकडे मागावं लागेल, ज्यांनी ते कौतुकानं पुढे केलं त्या बापांकडे, ज्यांनी ठोकरबाई हे नाव ठेवलं त्या गल्लीकडे. आमच्याकडे असलं काही नसतं, असं हे वाचणारे पुष्कळजण म्हणतील. नसेलही. पण आपल्या घरात चूक एकाची आणि सही दुसरीची, असं काय काय चालतं, ते एकदा दार लावून आठवून बघा. आणि मान खाली घालून सही करणारी ती कोण आहे, तिच्याकडेही एकदा बघा.

नवऱ्याचं लायसन्स साहेबांनी तिथल्या तिथे काढून घेतलं, आणि पुढल्या चौकशीसाठी त्याला आत बसवून ठेवलं. सासरे बाकावर एकटे बसून राहिले. त्यांच्याशेजारी जागा होती, पण तिथे कुणी बसलं नाही. व्हॅन जप्त झाली होती आणि ती फाटकातच आडवी उभी होती. मागे गाड्यांचे भोंगे वाजायला लागले.

“गाडी आत घ्या कुणीतरी!” शिपाई ओरडत आला. “आमचा ड्रायव्हर जेवायला गेलाय. लायसन्स आहे का कुणाकडे?”

सूनबाईनं पिशवीतून आपलं लायसन्स काढलं. शेऱ्यांनी ते पार भरलं होतं, एकच जागा उरली होती. शिपायानं ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “चालतं अजून,” तो म्हणाला आणि किल्ली दिली.

सासूबाई डोळे पुसत मागोमाग आल्या आणि न विचारता शेजारच्या सीटवर चढून बसल्या. सूनबाईनं किल्ली फिरवली. गाडीला गचका बसला आणि ती बंद पडली. मागून कुणीतरी हसलं. तिचे हात घामानं निसटत होते. तिनं ते कपड्याला पुसले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

“घाबरू नको,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः मात्र समोरची कड दोन्ही हातांनी धरली होती. “हळू घे.”

व्हॅन हळूहळू फाटकातून आत आली. आवारात, भिंतीच्या जवळ, एक माणूस चलानाचा कागद वाचत वाचत नेमका गाडीच्या पुढ्यात आला. सासूबाईंनी डोळे मिटले.

सूनबाईनं ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली.

माणसानं वर पाहिलं, हात केला आणि तो पलीकडे निघून गेला.